रुमानियाच्या राजाची आरती

अण्णा,

आज टपालातून काय आलं ते आधी सांगते. प्लमच्या मुरांब्याची एक बाटली, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळलेली, तरी थोडी गळलेली. पोळ्याच्या मेणाची एक बारीक पिवळी मेणबत्ती, मधोमध मोडलेली, पण वातीनं दोन्ही तुकडे धरून ठेवलेले. आणि एक फोटो, शेजारी शेजारी असलेल्या दोन कबरींचा. पाठवणारीला काय खर्च आला ते तिनं कळवलेलं नाही, पाकिटावरची तिकिटं त्यांच्या पैशातली आहेत. इथे बहारीनच्या टपाल कचेरीतून सोडवून घ्यायला दीड दिनार पडले. आमच्या माहूज वस्तीतून टॅक्सी करणं जिवावर आलं म्हणून बसनं गेले, त्याचे येऊन-जाऊन सहाशे फिल्स. सगळं वहीत 'देवाचं' या सदरात लिहिलं. हे म्हणाले, "मुरांबा देवाचा कधीपासून झाला?" मी म्हटलं, मुरांबा तुमचा, मेणबत्ती अण्णांची. त्यांनी मुरांबा पोळीला लावून खाल्ला आणि म्हणाले, आंबट आहे.

अण्णा, त्या फोटोतल्या एका दगडाखाली तुमचा राजा आहे. घरी पोचला तो. हे तुम्हाला कसं सांगायचं म्हणून सकाळपासून घरात फिरते आहे. अर्धं घर खोक्यांत भरलेलं आहे, बसायला धड जागा नाही, म्हणून स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहूनच लिहिते.

तो राजा आपल्या घरी आला तो दिवस मला नीट आठवतो. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. तुम्ही तालुक्याला कीर्तनाची तारीख ठरवायला गेला होतात आणि येताना वाचनालयातल्या कुठल्याशा मासिकातला मजकूर पेन्सिलीनं उतरवून आणला होतात. आई खोबरं किसत बसली आहे, तुम्ही टोपीसुद्धा न काढता चुलीपुढे उकिडवे बसून वाचून दाखवता आहात. सहा वर्षांचाही नव्हता, तेव्हा त्या पोराला गादीवर बसवलं. बाप दुसऱ्या बाईच्या नादानं राज्य सोडून गेलेला, आजा वारलेला. मग बापाला गादीची आठवण झाली. तो परत आला, पोराला उठवलं आणि स्वतः बसला. पोराच्या आईला देशाबाहेर घालवलं. पुढे बापाला लोकांनी हाकललं, तेव्हा अठराव्या वर्षी हा पुन्हा राजा झाला. देश जर्मनांच्या दावणीला बांधणारा सेनापती होता, त्याला ह्यानं विशी ओलांडता ओलांडता कैद केलं. आणि मग ज्या रशियनांच्या बाजूनं उभा राहिला त्यांच्या कम्युनिस्टांनीच एका हिवाळ्यात पुढ्यात कागद ठेवला. सही कर नाहीतर तुरुंगातली कॉलेजची पोरं मारू, असं म्हणे सांगितलं. त्यानं सही केली आणि देश सोडला. "आता काय करतो ठाऊक आहे?" तुम्ही आईला विचारलंत. "कोंबड्या पाळल्या, भाजी पिकवली, विमानं चालवून दाखवायची नोकरी केली. मासिकात फोटो आहे. बाह्या सरसावून जुनी जीप दुरुस्त करत बसलाय. राजा!" आई म्हणाली, "मग एकदा आपल्याकडे जेवायला बोलवा त्याला. पंपही बिघडलाय."

तुम्ही हसलात, पण चार दिवस तुमचं कशात लक्ष नव्हतं. पाचव्या दिवशी पूर्वरंगाला ध्रुव घेतलात आणि उत्तररंगाला रुमानियाचा राजा. लोक म्हणायचे बुवांना वेड लागलं, पण ऐकायला यायचे. तुमचं ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, झांजा थांबवून, आवाज खाली आणून म्हणायचात: ध्रुवाला बापाच्या मांडीवरून सावत्र आईनं उठवलं हो, ह्या लेकराला गादीवरून खुद्द बापानं उठवलं. बायका पदर डोळ्याला लावायच्या. कोंबड्यांपाशी आलात की पोरं हसायची. आणि शेवटी तुम्ही सांगायचात, ध्रुवाला अढळपद मिळालं, ह्याचं अढळपद कुठे आहे ते अजून देवालाच ठाऊक, आख्यान इथवरच आलंय, जसं पुढे कळेल तसं सांगीन. लहानसहान देवळांत ते चालून जायचं. मग तुम्ही ध्रुवाच्या नावानं आरती लावायचात.

खालच्या वाडीतली ती मावशी आठवते का? म्हणजे काय विचारते आहे मी, तुम्ही तिला कसं विसराल. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला गेला तो गेलाच. ती कुठेही कीर्तन असलं तरी काठी टेकत यायची, पुढे बसायची, आणि तुम्ही उपरणं काढायच्या आत विचारायची, "बुवांनू, तो राजा गेलो काय घराक?" तुम्ही म्हणायचात, "अजून नाही, मावशी." मग तीच तुमची समजूत काढायची, "जातलो, जातलो. घराक नाय तर खंय जातलो?"

आणि तो रामनवमीच्या उत्सवातला तिसरा दिवस. दुपारचं कीर्तन. आपले पेटीवाले आजारी म्हणून तुम्ही मला पेटीला बसवलं होतंत. मी नवं पातळ नेसलेली, पदर सारखा भात्यात अडकत होता. देऊळ भरलेलं, पायऱ्यांवर माणसं. तुम्ही त्या दिवशी ध्रुवाला अढळपदापर्यंत न नेताच थोडक्यात आटपलंत आणि सगळा जीव राजात ओतलात. मला कळत होतं, आज वेगळं काहीतरी होतंय. सही करायचा प्रसंग आला तेव्हा सभामंडपात कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. मग तुम्ही थांबलात. देवळाचे कारभारी निरांजनं लावलेलं तबक घेऊन उभे. तुम्ही म्हणालात, इथवर आख्यान आलंय. कारभारी पुढे झुकून हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "बुवांनू, उत्सव आसा. असो आर्धो सोडू नकात. देवन टाका त्याका गादी. तुमच्या खिशातला काय जाता?" लोक हसले. तुम्हीही हसाल असं मला वाटलं. तुम्ही हात जोडलेत. "कारभारी, माणूस जिवंत आहे. तो तिकडे वाफे शिंपतोय आणि मी इथे त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवू? नारदाच्या गादीवर उभा राहून?"

"मग आरती खयच्या तोंडान करतलास?" कारभाऱ्यांनी विचारलं.

तुम्ही तबकाकडे पाहत राहिलात. सगळं देऊळ तुमच्याकडे. मला ते सोसवेना. तुम्हाला सोडवावं म्हणून मी भाता ओढला आणि आरतीची पहिली ओळ पेटीवर धरली. तुम्ही वळलात. रागावला नाहीत. खाली वाकून तुम्ही भात्यावर तळहात ठेवलात, माझी बोटं खाली, तुमचा हात वर, आणि दाबून धरलात. सूर बसत बसत बंद झाला. तो आवाज मी आयुष्यात विसरले नाही, माणसाचा श्वास सुटावा तसा. मग तुम्ही देवाला नमस्कार करून गादीवरून उतरलात. तबकातली निरांजनं तशीच जळत राहिली आणि लोक आरती न घेता घरी गेले.

परत येताना पाणंदीतून आपण दोघंच. पेटी तुमच्या खांद्यावर. मी रडत होते, म्हटलं, अण्णा, दिली असती गादी तर काय बिघडलं असतं, रुमानियातून कोण येणार होतं विचारायला? तुम्ही पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतलीत आणि म्हणालात, "रुमानियातून कुणी नाही. पण मावशी पुढे बसली होती. राजाला आज मी घरी पोचवला असता, तर उद्या ती मला म्हणाली असती, बुवांनू, आता माझ्या झिलाकव पोचवा. मग मी काय सांगितलं असतं?" मुलगा न म्हणता तुम्ही तिच्याच बोलीत झिल म्हणालात.

पुढच्या थंडीत आंब्याचा मोहोर गळला. दर दोन-तीन वर्षांनी गळतोच, पण त्या वर्षी तो बुवांच्या राजानं गाळला असं ठरलं. अर्धवट आख्यान, आरतीशिवाय उठलेलं देऊळ. तुम्हाला उत्सवाचं बोलावणं आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मग आजूबाजूच्या गावांनीही हात आखडला. आई तुम्हाला कधी टाकून बोलली नाही, फक्त एकदा भात वाढताना म्हणाली, "तुमच्या राजाची एक गादी गेली, तुमची एक. दोघं बसा आता कोंबड्या पाळत." आणि लगेच तिनंच तुमच्या पानात जास्तीचं तूप वाढलं. तुम्ही मान खाली घालून जेवत होतात. तुमचे कान लाल झालेले मला दिसत होते.

माझ्या लग्नात तुम्ही पेटी मला दिलीत. लोकांनी भांडी दिली, तुम्ही पेटी. "मला आता कशाला," एवढंच म्हणालात. ती घेऊन मी बहारीनला उतरले तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं ती उघडायला लावली. हे घाबरलेले, म्हणतात, सोडून दे, राहू दे इथेच. मी तिथेच खाली बसून सारेगम वाजवून दाखवला. तो अधिकारी खो खो हसला, "यल्ला, यल्ला" करत त्यानं आम्हाला जाऊ दिलं. हे पुढे वर्षानुवर्षं ती गोष्ट सगळ्यांना सांगत आले, आणि शेवटी हमखास जोडायचे, "लोकांची माहेरं रत्नागिरीची, सावंतवाडीची. हिचं माहेर रुमानियाच्या राजघराण्यातलं." इथल्या दमट हवेनं पेटीची एक पट्टी फुगली, ती दाबली की उठत नाही. मी ती चुकवून वाजवते. रोज देवापुढे एक पद, दारं-खिडक्या लावून, हळू.

तुमचं शेवटचं पत्र मला अजून पाठ आहे. तिकडची राजवट कोसळल्याचं तुम्ही रेडिओवर ऐकलं होतं. तुम्ही लिहिलंत, आता जाईल तो घरी, दोन-चार महिन्यांची बाब आहे, कीर्तनाची पगडी ट्रंकेतून काढून उन्हात घातली आहे. खाली आईनं चार ओळी जोडल्या होत्या. बोलावणं कुठून नाही आणि पगडीला ऊन दाखवतात, तू काही लिही त्यांना. मी लिहिलं, अण्णा, तब्येतीला जपा. दुसरं काय लिहिणार? पावसाळा सरता सरता तुम्ही गेलात. तेव्हा इथे कुवेतची धामधूम चालू होती, विमानांची तिकिटं मिळेनात, ह्यांनी बाब अल बहरीन या जुन्या वेशीजवळच्या एजंटाच्या दुकानात सकाळपासून उभं राहून पाहिलं. मी पोचले तेव्हा तेरावाही झाला होता. ओटीवरच्या खुंटीला पगडी होती. आईनं ती तिथून काढू दिली नाही. म्हणाली, निरोप यायचाय त्यांचा.

निरोप. अण्णा, खरं सांगायचं तर पुढे मीच तो शोधला नाही. मुलं मोठी झाली, घरात कॉम्प्युटर आला, मग प्रत्येकाच्या हातात फोन. लेक म्हणायची, "आई, जस्ट सर्च इट, टू मिनिट्स." मी म्हणायची, राहू दे ग. शेवट वाईट निघाला तर? जोवर मला ठाऊक नव्हतं तोवर आख्यान तुमच्याच हातात होतं. तुम्ही जिथे थांबलात तिथेच ते उभं होतं, आणि तुम्हीही.

मग आमच्या मजल्यावर ती राहायला आली. इस्पितळात नर्स, माझ्याच वयाची, एकटी. जिन्यात दिसली की "हबीबती, चाय?" म्हणायची, म्हणजे 'लाडके, चहा?', तेवढीच ओळख. एकदा त्यांचा सण होता, तर तिनं दारात येऊन लाल रंगवलेलं उकडलेलं अंडं माझ्या हातावर ठेवलं. अण्णा, मी काय करणार? नाही म्हणवेना आणि घरात घेववेना. मी ते बाल्कनीत, तुळशीपासून लांब, कपड्यांच्या चिमट्यांच्या डब्यात ठेवलं. आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमचा देश कुठला? ती म्हणाली, रुमानिया.

मी तिचा हात धरला. मला इंग्रजी धड येत नाही, तरी विचारलं, "युवर किंग. गो होम?"

ती आधी हसली. एका हिंदी बाईला तिच्या राजाचं काय, असं तिला वाटलं असेल. मग माझ्या तोंडाकडे पाहून ती आत आली आणि ह्याच ओट्याशी बसली. मी चहा टाकला. तिनं सांगितलं. तुम्ही गेलात त्याच वर्षाच्या हिवाळ्यात तो आला होता, पूर्वजांच्या कबरींवर जायला. पोलिसांनी रस्त्यातच गाडी अडवली आणि परत घालवला. हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदाच मला वाटलं, बरं झालं तुम्ही नव्हतात. मग दीडेक वर्षानं ईस्टरला त्याला येऊ दिलं. ती तेव्हा तरुण होती, गर्दीत होती. रस्ताभर माणसंच माणसं, तिची एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. तो खिडकीत उभा राहिला, म्हातारा, आणि हात हलवला. ते पाहून सरकार घाबरलं आणि पुन्हा बरीच वर्षं बंदी. शेवटी नागरिकत्व परत दिलं, काही घरं दिली. तो जाऊन-येऊन राहायचा. बायको गेली, तिला रुमानियातच पुरलं. मग तोही आजारी पडून परदेशातच वारला. त्याला विमानानं आणलं, मग आगगाडीनं. थंडीत लोक रुळांच्या कडेनं उभे होते. ती तेव्हा इथे ड्यूटीवर होती, मोबाईलवर पाहत होती, आणि वॉर्डातल्या पेशंटनीच तिला पाणी दिलं.

"आणि गादी?" मी विचारलं. "किंग अगेन?"

"नो, हबीबती. नो किंग." तिनं कप खाली ठेवला. "ओन्ली होम. खलास."

हे दारात उभे राहून ऐकत होते. "म्हणजे काय, शेवटी मेल्यावरच की," ते म्हणाले. तिला मराठी कळत नाही, पण ह्यांचा सूर कळला असावा. तिनं मान हलवली आणि बोट वर करून म्हणाली, "बिफोर आल्सो." आधीसुद्धा. असं दोनदा म्हणाली.

ती आता निवृत्त होऊन तिच्या गावी गेली. जाताना मी तिला तुमची गोष्ट सांगितली होती, जमेल तशी. तिनं राजाला पुरलंय त्या त्यांच्या देवळात जाऊन तुमच्या नावानं मेणबत्ती लावली, दुसरी मला पाठवली. फोटोच्या मागे तिनं लिहिलंय, तुमच्या वडिलांच्या राजाजवळ.

आता मुद्द्याचं. आम्हीही कायमचे निघालो आहोत. ह्यांची हिद्दच्या गोदामातली हिशेबाची नोकरी संपली, रेसिडेंट कार्ड ह्या महिनाअखेर संपतंय, गावी घर बांधून ठेवलंय. आणि गेल्या आठवड्यात फोन आला. कारभाऱ्यांचा नातू. "आत्या, तुम्ही येतास म्हणान कळला. उत्सवाक तिसऱ्या दिसाक बुवा मिळणत नाय. तुम्ही करतास काय? लोकांक अजून तो कोंबड्यांचो राजा आठवता." मग हसून म्हणाला, "पण ह्या वर्षी आरती होऊक व्हयी हां. मोहोराचो प्रश्न आसा." पोर चांगलं आहे. त्याला काही ठाऊक नाही.

मी हो म्हणाले, अण्णा. तेव्हापासून झोप नाही. मी कीर्तनकार नाही, माझा आवाज चढत नाही, आणि मला ध्रुवही नीट येत नाही. पण भीती त्याची नाही. तुम्ही आख्यान जिथे सोडलंत तिथून ते पुढे न्यायचं तर शेवट काय सांगू? त्याला गादी मिळाली नाही. घर मिळालं, तेही म्हातारपणी, तेही पोटभर नाही. ध्रुवासारखं काही आकाशात चमकलं नाही. दोन दगड शेजारी शेजारी, बस. तुम्ही ह्याला शेवट म्हटला असतात का? की पुन्हा हात जोडून उतरला असतात? मला तुमच्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. आणि तुम्ही ती खुंटीवरची पगडी घालून कीर्तनाला कधी परत उभे राहिला नाहीत, हेच सगळ्यात मोठं अर्धं राहिलंय. त्याला शेवट कोण लावणार?

मावशी तुमच्या जवळच असेल. तिला सांगा, पोचला. तिच्या मुलाचं मला काही कळलेलं नाही, तेही तसंच सांगा.

एक सांगायचं राहिलं. दुपारी हे झोपल्यावर मी ती मोडकी मेणबत्ती लावली, पेटी खोक्यातून परत काढली आणि आरतीची पहिली ओळ धरली. फुगलेली पट्टी चुकवून, हळू. आणि ओळ संपल्यावर थांबले. डाव्या हाताची बोटं भात्यावर तशीच ठेवली, तुमचा तळहात वरून येतो का म्हणून. आला नाही. बराच वेळ थांबले. आता तो आला नाही म्हणजे तुमची परवानगी आहे, की तुम्ही नाहीत एवढाच त्याचा अर्थ, ते मला कळत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं तेही मला ठाऊक नाही. तरीही, नुसतं घर मिळालं तर आरती लावायची की नाही, एवढं एक परतीच्या टपालानं कळवा.